अंगावरून वारे जाणे : एका घातक समजुतीविषयी

ज्वारीवरील काणी, उसावरील खोडकिडा, जनावरांतील घटसर्प व फऱ्या यांविषयी या मासिकातून लिहिणे हे आमचे नित्याचेच कर्तव्य होय. मनुष्याच्या रोगांविषयी मात्र आम्ही क्वचितच लिहितो. कारण ते काम डॉक्टरांचे आहे. तथापि काही रोग असे आहेत की, त्यांचा घाला जितका देहावर पडतो तितकाच शेतावरही पडतो. पक्षाघात हा त्यांपैकी अग्रगण्य होय. टोळधाडीने अथवा गारपिटीने एका हंगामाचे पीक बुडते. परंतु घरचा कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री एका घटकेत लुळी होऊन अंथरुणास खिळली म्हणजे पुढील कित्येक हंगाम बुडतात. जमीन अर्धेलीने द्यावी लागते, बैल विकावे लागतात, थोरल्या मुलाची शाळा सुटते आणि घरातील एक बाई रात्रंदिवस रुग्णाच्या उशाशी गुंतून पडते. असे एकही गाव आमच्या पाहण्यात नाही की ज्यात असे एखादे घर नाही. म्हणून या विषयावर स्पष्ट लिहिणे आम्हास अवश्य वाटते.

हा रोग शहरातील सुखवस्तू, बैठे काम करणाऱ्या लोकांचा, आम्हा कष्टकऱ्यांस त्याची बाधा नाही, असा एक गोड समज आपणांत आहे. तो निराधार आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांत झालेल्या मृत्यूंच्या कारणांची एक काळजीपूर्वक पाहणी ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी केली व ती सन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. जंगलाने वेढलेल्या, कारखाने नसलेल्या, भातशेती व मोलमजुरीवर जगणाऱ्या या भागात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हेच ठरले. दर सात मृत्यूंमागे सुमारे एक मृत्यू या रोगाने झालेला होता, आणि त्यांतील बहुतेकांनी देह ठेवला तो आपल्या घरीच. ज्या जिल्ह्यात लोक पायी चालतात, उन्हात राबतात आणि तुपातुटीने जगतात, तेथील हा हिशेब आहे. यावरून प्रत्येक तालुक्यातील शेतकऱ्याने आपल्यापुरता बोध घ्यावा.

आपल्याकडे या रोगास ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. शब्दास आमचा आक्षेप नाही. भाषेत असे शेकडो प्रयोग आहेत. आक्षेप आहे तो या शब्दामागून येणाऱ्या उपचारांस. वारे गेले असे एकदा मनाने घेतले की घराची दारे-खिडक्या लावल्या जातात, रुग्णास घोंगडीत गुंडाळतात, गरम तेलाने मालीश होते, शेकशेगडी होते, कोणी कबुतराचे रक्त चोळण्यास सांगतो, कोणी देवऋष्याकडे धाडतो. प्राचीन वैद्यकात पक्षाघाताची गणना वातव्याधींत केलेली आहे हे खरे. परंतु तेथील ‘वात’ म्हणजे अंगणातून वाहणारा वारा नव्हे. स्वित्झर्लंडमधील शाफहाउजन येथील योहान याकोब वेप्फर या वैद्याने या रोगाने मेलेल्यांची शवे उघडून, त्यांपैकी काहींच्या मेंदूत रक्त सांडलेले असते, हे सन १६५८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. म्हणजे हा वाऱ्याचा रोग नसून रक्तवाहिनीचा आहे, हे कळून साडेतीन शतके लोटली. आपल्या खेड्यांतील ओसरीवर मात्र ते अद्याप पोचलेले नाही.

रक्तवाहिनीचा रोग म्हणजे काय, हे पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यास समजावून सांगण्यास फारसे शब्द लागणार नाहीत. मेंदूचे वजन सर्व देहाच्या पन्नासाव्या हिश्शाइतकेच. परंतु हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सहाव्या-सातव्या हिश्शाइतका मोठा भाग एकटा मेंदू घेतो. मानेतून वर जाणाऱ्या चार मोठ्या धमन्या हे त्याचे पाट, आणि त्यांतून फुटलेल्या बारीक वाहिन्या ह्या त्याच्या चाऱ्या. पिकास दोन पाळ्या चुकल्या तरी जमिनीतील ओलीवर ते तग धरते. मेंदूजवळ अशी ओल मुळीच नाही; रक्त थांबले की काही मिनिटांतच त्याच्या पेशी मरू लागतात. शरीराच्या उजव्या अंगाचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूकडे आणि डाव्या अंगाचा उजव्या बाजूकडे असल्यामुळे ज्या बाजूची चारी बंद पडते तिच्या उलट बाजूचे अंग लुळे पडते. बोलण्याचे स्थान बहुतेक माणसांत डाव्या बाजूस असते. म्हणून उजवे अंग गेले असता बहुधा वाचाही जाते.

आता पाट बिघडण्याचे प्रकार दोनच : तो तुंबतो किंवा तो फुटतो. पक्षाघाताचेही मुख्य प्रकार हेच दोन.

तुंबण्याचा प्रकार अधिक आढळतो. धमनीच्या आतील कडेस चरबीचा थर वर्षानुवर्षे साचत जातो, जसा पाटात गाळ बसतो, आणि एखादे दिवशी त्यावर रक्ताची गुठळी धरून वाट बंद होते. कधी ही गुठळी दूर हृदयात तयार होऊन वाहत मेंदूत येते. हृदयाची गती अनियमित झालेल्या वृद्धांत, तसेच लहानपणी सांध्यांच्या तापाने ज्यांच्या हृदयाच्या झडपा खराब झाल्या आहेत अशा तरुणांतही, हे घडते. कधी अगदी बारीक चाऱ्याच वाढलेल्या रक्तदाबाने व मधुमेहाने जाड होऊन बंद पडतात.

फुटण्याचा प्रकार संख्येने कमी, पण मारक शक्तीने अधिक. पाश्चात्य देशांपेक्षा आशिया खंडात त्याचे प्रमाण मोठे आहे. यातही दोन भेद आहेत. एकात मेंदूच्या गाभ्यातील बारीक धमनी फुटून रक्त मेंदूतच सांडते. याचे सर्वांत मोठे कारण वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब होय. अतिमद्यपान, रक्त पातळ करणारी औषधे आणि वार्धक्याने जीर्ण झालेल्या वाहिन्या ही दुसरी कारणे. दुसऱ्या भेदात मेंदूच्या पृष्ठभागावरील धमनीस आलेला फुगा फुटतो व रक्त मेंदूभोवतीच्या आवरणाखाली पसरते. अशा रुग्णास क्षणात, वीज कोसळावी तसे, आयुष्यात कधी झाले नाही असे मस्तकशूळ उठते. वांती होते, मान ताठ होते, शुद्धही जाते. याखेरीज डोक्यास मार लागून कवटीच्या आत रक्त साचण्याचा एक प्रकार आहे. त्याची गणना पक्षाघातात होत नाही. परंतु झाडावरून, ट्रॅक्टरवरून अथवा मोटारसायकलवरून पडणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा. वृद्धांत हे रक्त हळूहळू साचून कित्येक आठवड्यांनी डोकेदुखी, गुंगी व भ्रम दिसू लागतात, आणि तोवर ते पडणे घरचे लोक विसरूनही गेलेले असतात.

हे सर्व भेद सांगण्यात आमचा हेतू वाचकांस वैद्य बनविण्याचा नाही. हेतू एकच आहे. तुंबलेल्या व फुटलेल्या, दोन्ही प्रकारच्या रुग्णांत बाहेरून दिसणारी लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात, पण त्यांचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. तुंबलेल्या ठिकाणी गुठळी विरघळविणारे औषध द्यावयाचे. तेच औषध फुटलेल्या ठिकाणी दिले तर ते विषच ठरते. पाट तुंबला की फुटला हे न पाहता वरून पाणी सोडणाऱ्यास आपण काय म्हणू? आणि हा निर्णय नाडी पाहून, जीभ पाहून अथवा अनुभवी डोळ्यांनीही खात्रीने करता येत नाही. तो मेंदूच्या सीटी स्कॅननेच होतो. म्हणून ज्या ठिकाणी हे यंत्र आहे त्या ठिकाणी रुग्णास नेणे हाच पहिला उपचार. त्यापूर्वी घरी केलेले इतर सर्व उपचार म्हणजे निव्वळ वेळेचा नाश होय. ‘हृदयाच्या झटक्यास देतात’ म्हणून ऐकून कोणी ॲस्पिरिनची गोळी घरीच देतात. रक्तस्राव झालेला असेल तर ती अपायकारक ठरेल, म्हणून स्कॅन होईपर्यंत तीही देऊ नये.

लक्षणे ओळखण्यास विद्वत्ता लागत नाही. रुग्णास हसावयास सांगावे. तोंडाची एक बाजू खाली ओघळते काय ते पाहावे. दोन्ही हात समोर उचलून धरावयास सांगावे. एक हात खाली घसरतो काय ते पाहावे. एखादे साधे वाक्य म्हणावयास सांगावे. जीभ जड होते, शब्द सापडत नाहीत, किंवा ऐकलेले उमजत नाही असे होते काय ते पाहावे. एकाएकी एका डोळ्याची अथवा एका बाजूची दृष्टी जाणे, एकाएकी तोल जाऊन चालता न येणे, हीही लक्षणेच आहेत. यांतील एक जरी एकाएकी दिसले तरी पुरे. सर्व जमण्याची वाट पाहू नये. येथे एक फसगत आहे, ती विशेष सांगितली पाहिजे. विंचू चावला, छातीत कळ आली, तर मनुष्य ओरडतो व सर्व घर धावते. पण पक्षाघात बहुधा दुखत नाही. हात जड झाला, थोडे पडून राहतो, असे म्हणून रुग्ण स्वतःच निजतो, आणि घरचे लोक ‘सकाळी पाहू’ म्हणतात. या ‘सकाळी पाहू’ने आपल्या खेड्यांत जितके हातपाय घेतले असतील तितके रोगाने स्वतःहून घेतले नसतील, असे आमचे मत आहे.

कधी ही लक्षणे काही मिनिटांत अथवा तासाभरात आपोआप नाहीशी होतात. घरात आनंद होतो; देवास नारळ फोडतात. नारळ अवश्य फोडावा, परंतु रुग्णालयात जाऊन आल्यानंतर. अशी ओसरलेली लक्षणे म्हणजे मोठ्या आघाताची पूर्वसूचना असते, आणि तो आघात येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांतच सर्वांत अधिक असतो.

वेळेचे महत्त्व किती, हे आकड्यांनी सांगतो. मेंदूची मोठी धमनी बंद पडली असता दर मिनिटास सुमारे १९ लक्ष मज्जापेशी मरतात, असा हिशेब सन २००६ मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळविणारे औषध तीन तासांच्या आत शिरेतून दिले असता लाभ होतो, हे अमेरिकेत सन १९९५ मध्ये सिद्ध झाले; ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेता येते, हे युरोपात सन २००८ मध्ये दिसून आले. सन २०१५ नंतर मोठी गुठळी जांघेतून नळी घालून ओढून काढण्याची रीत सर्वमान्य झाली, आणि सन २०१८ पासून निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंतही करतात. पण चोवीस तास हे निवडक रुग्णांसाठी, मोठ्या शहरांतील रुग्णालयांत. आपण आपला हिशेब साडेचार तासांचाच धरावा, आणि त्यातही जितके लवकर तितका लाभ अधिक. हे तास रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून मोजतात. म्हणून घरातील एकाने प्रथम घड्याळ पाहून ती वेळ लिहून ठेवावी. रुग्णास कुशीवर निजवावे. तोंडात पाणी, चहा, औषध काहीही घालू नये, कारण गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास ते फुप्फुसात जाते. चालू असलेल्या गोळ्या व कागदपत्रे बरोबर घ्यावी, आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून, वाटेत मुक्काम न करता, स्कॅनचे यंत्र असलेल्या रुग्णालयाकडे निघावे. रक्तस्राव झालेल्या रुग्णासही या त्वरेचा लाभ होतो. रक्तदाब वेळीच उतरविणे, जरूर तेथे शस्त्रक्रिया करणे, ही कामेही तासांचीच आहेत.

परंतु धरण फुटल्यावर धावण्यापेक्षा आधी बांधाची डागडुजी करणे हे शहाणपणाचे. या बाबतीत उत्तर जपानातील अकिता प्रांताच्या भातशेतकऱ्यांचा इतिहास आपणांस विशेष बोधप्रद आहे. सन १९५१ पासून १९८० पर्यंत पक्षाघात हे जपानातील मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते, आणि अकितात तर ऐन उमेदीतील शेतकरी मेंदूतील रक्तस्रावाने मरत. शोध करता असे दिसले की, लांबलचक हिवाळ्यात खारविलेल्या भाज्या व खारट कढण यांवर राहणारे हे लोक दिवसास वीस ग्रॅमहून अधिक मीठ खात होते, आणि त्यांचे रक्तदाब भयंकर चढलेले होते. तेथील आरोग्यसेविकांनी गावोगाव रक्तदाब मोजले, मीठ कमी करविले, औषधे चालू केली. पुढील काही दशकांत हे मृत्यू झपाट्याने घटले. जागतिक आरोग्य संघटना दिवसास पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे असे सांगते, म्हणजे सुमारे एक चहाचा चमचा. आपली भाकरी, खर्डा, लोणचे, पापड व सुके मासे यांचा हिशेब वाचकांनी आपल्या स्वयंपाकघरात स्वतः करून पाहावा.

रक्तदाबास औषध नव्हते तेव्हा काय होत असे, त्याचे ठळक उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आहे. सन १९४४ च्या मार्चमध्ये तपासले तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६ व १०८ होता. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखास त्या काळचे वैद्यक विश्रांती, मीठ कमी करणे व किरकोळ औषधे यांपलीकडे काही देऊ शकले नाही. १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांच्या मस्तकात असह्य कळ आली, रक्तदाबाचा वरचा आकडा ३०० च्या वर गेला, आणि काही तासांतच मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. त्यांस जे मिळाले नाही ते आज आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात मिळते. या औषधांच्या इतिहासात आपल्याच मातीतील एका वनस्पतीचा मोठा वाटा आहे. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सन १९३१ मध्ये लिहिले, आणि मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सन १९४९ मध्ये आपले प्रयोग ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध करून ते जगापुढे मांडले. त्यापुढे अधिक निर्धोक गोळ्या निघाल्या. म्हणून आज कोणी सर्पगंधेचे मूळ घरी उगाळून घेऊ नये.

गोळी एकदा चालू झाली की जन्माची मागे लागते, ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. आम्ही विचारतो, कुंपण दरसाल दुरुस्त करावे लागते म्हणून कोणी शेत उघडे टाकतो काय? दुसरी तक्रार अशी की, काही दुखत नसता औषध कशासाठी? रक्तदाबाचे कपट हेच की तो दुखत नाही. तो मोजल्याखेरीज कळत नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याहून वारंवार अधिक येत असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेणे अवश्य आहे. वरचा आकडा दहांनी उतरला तरी पक्षाघाताचा धोका सुमारे एक-चतुर्थांशाने घटतो. बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे, हे तर अनेक घातांचे मूळ आहे. तंबाखू, बिडी व मद्य यांविषयी आम्ही नवीन काय सांगावे? मधुमेह असल्यास तो आटोक्यात ठेवणे आणि हृदयाची गती अनियमित असल्यास उपचार घेणे, हेही तितकेच जरूर.

आता कर्तव्याचा भाग. आपल्या शेतकरी संघांस फवारणीचे पंप व वजनाचे काटे सभासदांसाठी ठेवता येतात, तर रक्तदाब मोजण्याचे एक यंत्रही ठेवता येईल. त्याची किंमत एका चांगल्या फवारणी पंपाहून फारशी अधिक नाही. मासिक सभेच्या व बाजाराच्या दिवशी तीस वर्षांवरील प्रत्येकाने, स्त्रियांनीही, त्यावर आपला आकडा पाहून वहीत नोंदवावा. संघाच्या भिंतीवर, बाजारभावाच्या फळ्याशेजारी, जवळचे स्कॅनचे यंत्र कोठे आहे, ते रात्री चालते काय, तेथे गुठळीचे औषध मिळते काय, आणि रात्री वाहन कोणाचे मिळेल, हे मोठ्या अक्षरांत लिहावे. ही चौकशी रोग होण्यापूर्वी करावयाची आहे. रुग्ण जिपेत घातल्यावर नव्हे.

सरकारकडेही आमचे मागणे आहे. हिमाचल प्रदेशासारख्या डोंगराळ राज्यात सन २०१४ च्या सुमारास अशी व्यवस्था सुरू झाली की, जिल्ह्याच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी स्कॅनचे चित्र मोबाइलवरून मेंदूतज्ज्ञांस दाखवावे आणि त्यांच्या सल्ल्याने गुठळी विरघळविणारे औषध तेथेच, विनामूल्य द्यावे. प्रत्येक जिल्ह्यात मेंदूतज्ज्ञ नाही ही सबब त्यामुळे उरत नाही. तेथील घाटांतून जे होऊ शकले ते आपल्या सपाट रस्त्यांवर होऊ नये, यास कारण दिसत नाही. प्रत्येक तालुक्यापासून तासाभराच्या वाटेवर अहोरात्र चालणारे स्कॅनचे यंत्र व हे औषध असावे, असा ठराव प्रत्येक संघाने करून आपल्या लोकप्रतिनिधीस धाडावा. कालव्याच्या पाळीसाठी आपण मोर्चे नेतो. मेंदूच्या पाळीसाठी एक अर्ज तरी करावा.

ज्यांस आघात होऊन गेला आहे त्यांनीही निराश होऊ नये. पहिले काही महिने नेमाने व्यायाम, चालण्याचा व बोलण्याचा सराव केल्यास गेलेली शक्ती पुष्कळ अंशी परत येते. मालीश करावयाचेच तर ते त्यानंतर व त्याच्या जोडीने करावे, त्याऐवजी नव्हे. मात्र त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या कदापि सोडू नयेत, कारण एकदा फुटलेला बांध दुसऱ्यांदा फुटण्यास वेळ लागत नाही.

बैल लंगडू लागला तर आपण त्याच दिवशी पशुवैद्यास बोलावितो. मोटार पंपातून वेगळा आवाज आला तर ती लागलीच बंद करून पाहतो. हीच तत्परता घरच्या माणसाच्या वाकड्या झालेल्या तोंडाविषयी दाखविली जावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. यापुढे कोणी अंगावरून वारे गेले म्हणून सांगत आला, तर दारे लावू नयेत. ती उघडून वाहन दारापाशी आणावे.